बावीस व्यायामांचं ओझं

मी एक मल्टिजिम बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी चिडलेला आहे. गोड बोलणारं आत्मवृत्त हवं असेल तर शेजारी एक जुनी सायकल उभी आहे, तिला विचारा. तिचं सगळं आयुष्य मजेत गेलं.

मल्टिजिम म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी सांगाडा, मधे एक बैठक, पाठीमागे वजनांच्या पाट्यांची चळत, आणि कप्प्यांवरून फिरवलेली तार. वरचा दांडा खाली ओढला की पाठीचा व्यायाम, पुढच्या मुठी ढकलल्या की छातीचा, बैठकीखालचा गादी लावलेला दांडा पायाने उचलला की मांड्यांचा. चळतीत एक खिट्टी असते. ती ज्या पाटीत खोचाल तेवढं वजन उचललं जातं. एवढा सोपा माझा कारभार.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. मला जोडणारा वेल्डर उतारवयाचा होता आणि स्वभावाने खडूस. प्रत्येक सांधा झाला की हातोडीने ठोकायचा, कान लावून ऐकायचा, आणि आवाज पसंत पडला नाही की स्वतःलाच एक शिवी देऊन पुन्हा करायचा. मी पुरा झालो तेव्हा माझ्या वरच्या आडव्या नळीला लोंबकळून तो म्हणाला, "हत्ती टांगला तरी हा हूं की चूं करणार नाही."

मग स्टिकर लावणारा आला. त्याने माझ्या कपाळावर लाल अक्षरांत चिकटवलं : बावीस व्यायाम!

वेल्डरने बोटं मोडत मोजायला सुरुवात केली. दोनदा मोजलं. "चौदाच भरतायत. बाकीचे आठ कुठले?"

"तू तुझं वेल्डिंग बघ," स्टिकरवाला म्हणाला.

त्या आठ व्यायामांचा हिशेब मला आजवर लागलेला नाही. पण मी आलोच जगात ते कपाळावर अशी थाप घेऊन.

दुकानात मला काचेच्या दाराजवळ उभं केलं. तिथे सहा महिने होतो. माणसं वस्तू कशी निवडतात हे बघायचं असेल तर व्यायामाच्या साधनांच्या दुकानात उभं राहावं. पुरुष यायचे, पोट आत घ्यायचे, दांडा एकदा ओढायचे आणि लगेच आरशात बघायचे. एका ओढण्यात काय फरक पडणार होता, देव जाणे! बायका माझ्या मुठींना पर्स अडकवून शेजारच्या मशीनची चौकशी करायच्या. आणि प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "किती किलोपर्यंत?"

"शंभर," विक्रेता म्हणायचा.

समोरच्याची मान समाधानाने डोलायची. 'पर्यंत' सगळे विचारत. 'पासून' कुणीच विचारलं नाही.

एका शनिवारी दातांचे एक डॉक्टर आले. चाळिशीच्या पुढचे, चष्मा, घाईत. त्यांचे वडील तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडले होते. खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं. पण पडून राहून मांड्या काडीसारख्या झाल्या होत्या. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, स्नायूंना ताकद येऊ दे, वजनांचे व्यायाम सुरू करा. हे सगळं त्यांनी विक्रेत्याला एका दमात सांगितलं.

विक्रेत्याने अर्धं ऐकलं. "मग हेच घ्या. बावीस व्यायाम आहेत."

आता हे डॉक्टर कसे, ते मला पुढे घरी कळलं. दवाखान्यात कापूस धरायचा साधा चिमटा घ्यायचा तरी ते चार चिमटे हातात खेळवून बघत. पण त्या दिवशी मला त्यांनी बारा मिनिटांत घेतलं. मी समोरच्या घड्याळाकडे बघत होतो. त्या बारांतली चार मिनिटं फोनवर गेली.

"खोली मोजली का?" फोनमधून बायको विचारत होती. आवाज मोठा होता, मलाही ऐकू आला.

"मोजायची काय त्यात? बसेल."

"आणि बाबांना बसता येईल का त्यावर?"

"अगं, बैठक आहे त्याला! गादीची आहे!"

मी ओरडून सांगणार होतो, की त्या बैठकीपुढे पायाचा दांडा आहे, तो ओलांडून बसावं लागतं, जरा विचारा! पण लोखंडाला तोंड नसतं. कुरकुरायला कप्पी असते, आणि तिलाही नुकतंच तेल घातलेलं होतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. माझा उभा खांब लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने नेला. वळणावर भिंतीचा रंग खरवडला, तेव्हा खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून म्हणाली, "घर बांधताय की काय वर?" शेवटी मला मागच्या खोलीत उभं केलं.

ती खोली वडिलांची. त्यांना मी आजोबाच म्हणतो, कारण गल्लीत सगळे त्यांना क्रेनवाले आजोबा म्हणत. आयुष्यभर त्यांनी बंदरावर क्रेन चालवली होती. वीस-वीस टनांची खोकी दोन बोटांनी जहाजातून उचलून ट्रकवर ठेवायची, आणि तीसुद्धा अशी की आतली काच तडकू नये. आता शहात्तराव्या वर्षी त्यांना स्वतःच्या खुर्चीतून उठायला दोन माणसं लागत होती.

त्यांची आरामखुर्ची खिडकीशी होती. समोरच्या मोकळ्या जागेत नवी इमारत उभी राहत होती आणि तिथे एक उंच क्रेन होती. आजोबा दिवसभर त्या क्रेनवर टीका करत. "अरे हळू! माल झुलतोय! कोण शिकवतं यांना?" तेवढीच त्यांची करमणूक होती.

मला ठेवायला जागा हवी म्हणून ती आरामखुर्ची उचलून खोलीबाहेरच्या बोळात ठेवली. आणि खिडकीपुढे कोण उभं राहिलं? मी. एका माणसाला बरं करायला आलेला मी, पहिल्याच दिवशी त्याची खिडकी घेऊन बसलो.

आजोबा बोळात बसून समोरच्या भिंतीवरच्या मीटरच्या पेटीकडे बघत राहिले. सूनबाईंनी मात्र नवऱ्याला ऐकवलं, "छान. आता बाबांनी त्या मीटरच्या पेटीवर टीका करायची का?"

रविवारी उद्घाटन झालं. आजोबा वॉकर धरून आले. पायाचा दांडा ओलांडायला पाय उचलायचा, तर शस्त्रक्रियेचा पाय तेवढा उचलेच ना. डॉक्टरांनी एका बाजूने आणि सूनबाईंनी दुसऱ्या बाजूने धरून, जवळजवळ उचलूनच त्यांना माझ्यावर बसवलं. खिट्टी पहिल्या पाटीत. पाच किलो.

"हं बाबा, लावा जोर."

दांडा हलला नाही.

"लावा ना जोर."

"लावलाय," आजोबा म्हणाले. कपाळावर घाम आला होता. "हा जो दिसतोय ना, हाच आहे जोर. एवढाच."

दांडा अर्धं बोट वर आला आणि टक्कन खाली पडला. तो आवाज माझा होता. मला तो अजून ऐकू येतो.

डॉक्टरांनी माहितीपुस्तिका उलटसुलट चाळली. "याच्यापेक्षा कमी होत नाही वाटतं. पण पाच किलो म्हणजे काहीच नाही, बाबा. बाजारातली पिशवी असते तेवढी."

"पाटीवर पाच लिहिलंय रे," आजोबा म्हणाले. "पण दांडा कुठे टेकतो ते बघ. घोट्याच्याही खाली. वजनाला नुसता आकडा नसतो, अंतर पण असतं. क्रेनचा हात जितका लांब टाकशील तितका तोच माल जड होतो. माझ्या गुडघ्याला हे पाच वाटत नाहीत."

इतकी वर्षं वजनं उचललेला माणूस वजनाबद्दल बोलत होता. आणि लेक म्हणाला, "सवय नाही म्हणून वाटतं तसं. रोज करा."

पुढे मी रिकामाच. डॉक्टर स्वतः अकरा दिवस माझ्यावर बसले. पहिल्या दिवशी अर्धा तास, शेवटच्या दिवशी चार मिनिटं, त्यातलं एक मिनिट बुटाची नाडी बांधण्यात. बाराव्या दिवशी माझ्या वरच्या दांड्यावर एक ओला टॉवेल आला. तेराव्या दिवशी दोन शर्ट. आठवड्याभरात मी पूर्ण कपड्यांत होतो. माझ्या मुठींवर पायमोजे वाळत होते. शंभर किलो पेलणारा मी, आणि माझ्यावर भार कसला, तर बनियनचा!

सूनबाई ग्रंथालयात काम करत. एकदा कपडे काढता काढता त्या म्हणाल्या, "आमच्याकडे न वाचलेलं पुस्तकसुद्धा पंधरा दिवसांत परत येतं. तुझं काय करायचं?" त्या माझ्याशीच बोलल्या होत्या. या घरात मला पहिल्यांदा कुणी प्रश्न विचारला होता, आणि तो असा.

मग तो मंगळवार आला.

त्याच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर फोनवर कुणाला तरी सांगत होते, "काय करणार, बाबांना इच्छाच नाही हो. घरात एवढं मशीन आणून ठेवलंय, पण बसतच नाहीत." दार अर्धं उघडं होतं. बोळातल्या खुर्चीत आजोबा बसले होते. त्यांनी ऐकलं.

मंगळवारी दोघं कामाला गेली. सव्वाबारा वाजता वॉकरचा टक टक आवाज आला आणि आजोबा खोलीत आले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच फोनवर बोललो होतो. मागे जाऊन खिट्टी पहिल्या पाटीत घातली. मग वॉकर बाजूला ठेवून, माझा खांब धरून, शस्त्रक्रियेचा पाय हाताने उचलून दांड्यापलीकडे टाकला. दुसरा पाय टाकताना तोल गेला, वॉकरला धक्का लागला, तो आडवा झाला. आजोबा धप्पकन बैठकीवर बसले. पडले नाहीत, हे नशीब.

त्यांनी व्यायाम केला. खरंच केला. अर्धं बोट, अर्धं बोट, असं सहा वेळा. इच्छा नाही म्हणणाऱ्याने ते बघायला हवं होतं.

मग उठायला गेले आणि उठता येईना.

माझी बैठक खोल आहे, मऊ आहे आणि मागे कललेली आहे. दुकानात लोकांना ती फार आवडायची. पण त्यातून उठायला मांड्यांत जो जोर लागतो, नेमका तोच त्यांच्याकडे नव्हता. दांड्याच्या मागे पाय अडकलेले. वॉकर हाताबाहेर. फोन बोळात, खुर्चीच्या हातावर. त्यांनी दोनदा हाका मारल्या. खालच्या बाईकडे टीव्ही चालू होता.

वरचा दांडा धरून वर ओढून घेऊ, असं त्यांना वाटलं. हात पोचेना. मग दांड्यावरचा टॉवेल त्यांच्या हाती आला. तो ओढला, तर दांडा सरळ खाली आला. येणारच! मी तसाच बनवलेला आहे. मला धरून माणूस वर जात नाही, मीच खाली येतो. पाच किलोच्या खिट्टीवर तर अगदी अलगद.

आजोबांच्या ते लगेच लक्षात आलं. "खिट्टी," ते स्वतःशी म्हणाले. खिट्टी सगळ्यात खालच्या पाटीत घातली असती तर शंभर किलो वजनाने दांडा जागचा हलला नसता, आणि अठ्ठावन्न किलोंचा माणूस त्यावरचा टॉवेल धरून उठला असता. त्यांनी मागे हात टाकला. चाचपला. वीतभर कमी पडला. पुन्हा टाकला. वीतभरच.

काय सांगू तुम्हाला! हत्ती टांगता येईल असा मी. शंभर किलो पोटात घेऊन उभा. आणि माझ्या मांडीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या माणसाला मला वर ढकलता येईना. त्या दिवशी मला माझ्या प्रत्येक सांध्याचा राग आला.

आजोबा माझ्याशी बोलायला लागले. "एकदा वीज गेली होती," ते म्हणाले. "मी वर केबिनमध्ये, माल मधोमध लटकलेला, खाली माणसं. पाच तास. हलायचं नाही, घाबरायचं नाही. बसून राहायचं." मग जागच्या जागी सरकून म्हणाले, "पण तेव्हा मूत्राशय तरुण होतं."

तीनच्या सुमारास व्हायचं ते झालं. माझी बैठक ओली झाली.  आजोबा टॉवेल मांडीवर पसरून डोळे मिटून बसले.

चार वाजता सूनबाई आल्या. दारातून एकदा बघितलं, पिशवी खाली ठेवली. "अगंबाई" नाही, "हे काय झालं" नाही. सरळ जवळ आल्या.

"कसं उठायचं, बाबा? तुम्ही सांगा."

"खिट्टी सगळ्यात खाली घाल. मग दांड्यावरून टॉवेल टाकून त्याची टोकं माझ्या हातात दे आणि पाठीला हात लाव."

त्यांनी तसं केलं. आजोबांनी टॉवेलची टोकं धरली, मी अंगातलं सगळं वजन घट्ट धरून उभा राहिलो, आणि ते उठले. पावणेचार तासांनी.

कपडे बदलून झाले. सूनबाईंनी माझी बैठक साबणाने पुसली. आजोबा दाराशी वॉकर धरून उभे होते.

"त्याला सांगू नकोस."

"सांगणार," त्या म्हणाल्या. "ओल्याचं नाही सांगणार. अडकल्याचं सांगणार."

संध्याकाळी डॉक्टर आले आणि त्यांना सांगितलं गेलं. ते माझ्या खोलीत येऊन उभे राहिले. चेहरा उतरलेला, तरी बोलणं तेच. "पण एकटे कशाला बसलात? मी असताना बसायचं ना."

"तुम्ही कधी असता?" सूनबाई म्हणाल्या. "आणि मशीन घेताना बाबांना नेलं होतंत का?"

"अगं, त्यांना चालता येत नाही म्हणून तर..."

"दाढ काढायच्या आधी माणसाला तोंड उघडायला सांगता ना? की नुसतं नाव ऐकून काढता?"

 मग आजोबा बोलले. आवाज चढला नव्हता, पण शब्द जड होते.

"काल तू फोनवर म्हणालास, बाबांना इच्छा नाही. अरे, इच्छा आहे रे. पण मला शंभर किलो उचलायचे नाहीत. ते मी खूप उचललेत. मला आता फक्त मी उचलायचाय. संडासातून, एकट्याने. तेवढंच हवंय मला. ते या यंत्रात कुठे आहे, दाखव."

डॉक्टरांनी माझ्या कपाळाकडे बघितलं. बावीस व्यायाम. त्यात ते नव्हतं.

दोन दिवसांनी एक फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. ठेंगण्या, बोलक्या. आजोबा त्यांना पहिल्या दिवसापासून मास्तरीणबाई म्हणायला लागले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "मशीन वाईट नाही. पण यांच्यासाठी नाही." मग त्या खाली बसून आजोबांना विचारत राहिल्या. दिवसातून कितीदा उठता? कशावरून उठता? कुठला हात टेकता? कशाची भीती वाटते? मला घेताना यातलं एक अक्षर कुणी विचारलं नव्हतं. मी रागाने नुसता तापलो होतो.

त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक साधी लाकडी खुर्ची मागवली, भिंतीला टेकवली, वर दोन घट्ट उशा ठेवल्या. "उंचावरून उठणं सोपं. इथून सुरू करायचं. जमलं की एक उशी काढायची." झालं. हा पहिला व्यायाम. त्याला ना तार, ना कप्पी.

मग म्हणाल्या, "थोडं सामान लागेल. पण यांना घेऊन जा. हातात धरून, पायाला बांधून बघू दे."

या वेळी डॉक्टरांनी दवाखाना बंद ठेवला आणि वडिलांना गाडीत घालून नेलं. मी तिथे नव्हतो, पण परत आल्यावर सूनबाईंना डॉक्टर जे सांगत होते ते मी ऐकलं. आजोबांनी दुकानदाराला दीड तास घाम फोडला होता. घोट्याला बांधायच्या वजनाच्या पट्ट्यांवर अर्धा किलो लिहिलं होतं. आजोबा म्हणाले, तोलून दाखव. दुकानदार म्हणाला, लिहिलंय ना. आजोबा म्हणाले, लिहिणारा वेगळा आणि उचलणारा वेगळा. तोलली तर सहाशे वीस ग्रॅम भरली. दुसरी काढायला लावली. हातात धरायच्या वजनांची मूठ त्यांच्या जाड सांध्यांच्या बोटांना बारीक पडत होती, म्हणून तीन जोड्या नाकारून चौथी घेतली. ताणायचे रबरी पट्टे तीन रंगांचे, त्यातला सगळ्यात सैल. बस्स. सगळं मिळून एका पिशवीत मावलं.

"आणि तुम्ही काय करत होतात?" सूनबाईंनी विचारलं.

"पिशवी धरून उभा होतो," डॉक्टर म्हणाले.

पुढचे सात आठवडे मी जे सोसलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच खोलीत, एका लाकडी खुर्चीने माझं काम केलं. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. "एक... दोन... अर्धा... हा धरायचा नाही." अर्ध्या किलोची पट्टी बांधलेला पाय हळूच सरळ व्हायचा आणि मला आठवायचा तो टक्कन आवाज. तिसऱ्या आठवड्यात एक उशी गेली. पाचव्यात दुसरी. पट्टी एक किलोची झाली. मला आनंद होत होता का? होत होता. पण जळतही होतो. लोखंडाला खोटं बोलता येत नाही.

एका सकाळी आजोबांनी हात छातीवर दुमडून घेतले. कुठे टेकायचं नाही, असं. पुढे वाकले. आणि उभे राहिले.

सूनबाई दारात दात घासत होत्या, ब्रश तोंडातच राहिला. डॉक्टर मागून आले, चष्मा न घातलेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. डॉक्टर पुढे व्हायला लागले तसा आजोबांनी हात वर करून त्यांना थांबवलं, पुन्हा खाली बसले आणि म्हणाले, "एकदा झालं तो योगायोग. दोनदा होऊ दे."

आणि दुसऱ्यांदा उठले. डॉक्टर तोंड फिरवून माझ्याकडे वळले. माझा खांब घट्ट धरून बराच वेळ उभे होते. मी त्यांना आधार दिला. या घरात मी पोटभर केलेलं काम म्हणाल तर एवढंच.

त्यानंतर मला काढायचं ठरलं, यात नवल नाही. मला उतरवायला हमाल आले आणि देखरेख आजोबांनी केली, खुर्चीत बसून. "आधी वजनं. मग तार. खांबाला हात लावाल तर याद राखा, तो सगळ्यात शेवटी." वीस पाट्या डॉक्टरांनी स्वतः खाली नेल्या. एका वेळी दोन, तीन मजले, दहा खेपा. माझ्यामुळे त्यांना घडलेला हा सगळ्यात मोठा व्यायाम.

खांब निघाला तशी खोलीत उजेड आला. आजोबा बाहेर बघत म्हणाले, "बापरे, सहा मजले चढवले की यांनी!" मग माझ्याकडे बघत हमालांना म्हणाले, "नीट न्या रे त्याला. त्याचा काही दोष नाही. दणकट आहे बिचारा. पाठवणाऱ्याने पत्ता चुकवला."

आता मी जुन्या सामानाच्या दुकानात उभा आहे. एका बाजूला ती मजेत जगलेली सायकल, दुसऱ्या बाजूला पाय नसलेलं टेबल. माझी तार सैल झाली आहे, बैठकीला एक चीर गेली आहे. लोक येतात, दांडा ओढतात आणि आरसा शोधतात. आरसा नाही म्हटल्यावर पुढे जातात.

मला तुमच्याकडे एकच मागणं आहे. ताकद विकत मिळते असं समजून दुकानात शिरू नका. घरी ज्याला ताकद हवी आहे त्याच्यासमोर आधी बसा. त्याला काय करता येत नाही ते त्याच्या तोंडून ऐका. ते ऐकायला बारा मिनिटं पुरत नाहीत. आणि त्यानंतर माझी गरज नाही असं ठरलं, तर मला वाईट वाटेल, पण ते मी बघून घेईन.

काल दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या, पायात दमलेल्या चपला, बहुतेक कामावरून थेट आलेल्या. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत नीट बघितलं. बैठकीवर बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या.

"हे नेमकं कुणासाठी असतं हो?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"सगळ्यांसाठी! अख्ख्या घराला चालेल."

त्या उठल्या. मग माझ्या खांबावर हात ठेवून, कुणाची समजूत घालावी तशा आवाजात म्हणाल्या, "मग नको. मला एकीसाठीच हवंय."

आणि गेल्या. विकला न गेल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.